दोन मुलखांचं एकच रजिस्टर

बा, ती हद्द आता राहिली नाही. जव्हार संस्थान गेलं, पलीकडचा मोखाड्याचा खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूखही गेला, आपल्या पाड्याखालचा ओहळ नुसता ओहळ झाला. मीही मास्तरकीतून निवृत्त झालो. आता तुला लिहिल्याशिवाय माझी सुटका नाही, आणि लिहूनही ती होईल असं वाटत नाही.

तुला ती पोरगी आठवते का, जिच्या कानशिलात मास्तरनं मारली आणि कानातून रक्त आलं? पुन्हा तिला त्या कानानं ऐकू आलं नाही. तो मास्तर खालशातल्या एका शाळेतून अशाच मारहाणीसाठी काढलेला. तिकडून निघाला, ओहळ ओलांडला आणि आपल्या शेजारच्या पाड्यावर संस्थानचा मास्तर झाला. कुणी काही विचारलंच नाही. पोरीची आई आपल्या ओट्यावर येऊन बसली. रडत नव्हती. तुला एवढंच म्हणाली, "मास्तर, त्यांनी हाकलला, तं तुम्ही घेतला कशाला?" तू काही त्याला घेतलं नव्हतंस. पण तूही संस्थानचाच मास्तर, म्हणून तिनं तुलाच विचारलं. त्या दिवशी तू जेवला नाहीस.

मग तुझ्या खेपा सुरू झाल्या. जव्हारला कारभाऱ्यांकडे, आणि मोखाड्याला खालशाच्या दिपोटीसाहेबांचा शाळातपासणीचा मुक्काम पडला की त्यांच्याकडे. दोन्हीकडे तुझं मागणं एकच: मास्तरांचं रजिस्टर दोन्ही मुलखांनी मिळून ठेवा, परीक्षाही मिळून घ्या, इकडे नापास तो तिकडेही नापास, तिकडे काढला तो इकडेही नको. कारभारी हसले, दिपोटी खेकसले. तू नागलीची भाकर फडक्यात बांधून पुन्हा निघायचास. तीन पावसाळे गेले तेव्हा कुठं दोन्हीकडून होकार आला. "आता पोरांना मारून पळता यायचं नाय कुणाला," हे तू आईला दारातूनच सांगितलंस. परीक्षा जुन्या मास्तरांनाही द्यायची होती. तुलाही.

जव्हारच्या शाळेत नमुना पाठ घ्यायचा होता. मी तेव्हा नुकता मास्तरकीची सनद मिळवून तिथंच लागलेला, परीक्षकांच्या शेजारी गुण लिहायला बसलेला. तू उभा राहतोस. धडा जहाजाचा. समोर पाड्यांवरची पोरं, समुद्र कुणीच पाहिलेला नाही. तू पुस्तक मिटतोस आणि आपल्या घरच्या बोलीत विचारतोस, पुरात बांबू एकत्र बांधून पलीकडं कसं जाल? पोरं एकदम बोलू लागतात, एक तर बाकावरच उभा राहतो. खालशाकडून आलेले परीक्षक पुण्याकडचे. ते माझ्याकडे वळतात. "हे काय चाललंय? धडा आहे की गप्पा? तुम्हाला कळते का हो ही बोली?" मी नव्या कोटात घामाघूम. मी तुझा मुलगा, हे त्यांना ठाऊक नाही. मी म्हणतो, "नाही साहेब."

"मग गप्पाच," ते म्हणाले. तुझ्या नावापुढं 'अनुत्तीर्ण' हे मी माझ्या हातानं लिहिलं, बा.

तुझी शाळा बंद पडली. सनदेचा एकही मास्तर त्या पाड्यावर यायला तयार होईना. पोरं गुरांमागं गेली. तू खालशात नोकरी मागायला गेलास, तर तिथल्या कारकुनानं पान उलटून तुला तुझंच नाव दाखवलं. घरी येऊन तू म्हणालास, "चोख ठेवलंय रजिस्टर. दोन्हीकडं एकच." आणि हसलास. ते हसू मी कुठं नेऊन ठेवू? नियम खोटा नव्हता. त्या मारकुट्या मास्तरालाही त्याच रजिस्टरानं घरी बसवलं. पुन्हा दोन्ही मुलखांत त्याला कुठं शाळा मिळाली नाही. नियमच खोटा असता, तर त्याला शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो.

पुढच्या भादव्यात तुला ताप भरला. मी जव्हारहून चालत आलो. आई चुलीपाशी काढा उकळत होती, मी तुझे पाय चेपत होतो. तू डोळे उघडलेस. "पोरा, तू होतास ना तिथं? मी चुकलो कुठं?" आई वळून माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "बा, तू पुस्तक फार लवकर मिटलंस. घाई झाली." तू मान हलवलीस, एखाद्या पोरानं चूक कबूल करावी तशी. दोन दिवसांनी गेलास.

हे पत्र कुठं टाकणार मी? आई असती तर तिला वाचून दाखवलं असतं असंही म्हणवत नाही, कारण ती त्यानंतर अकरा वर्षं होती आणि मी गप्प राहिलो. चुलीत घालवत नाही, कुणाच्या हाती देववत नाही. तू घाई केली नव्हतीस, बा. पोरांना जहाज कळलं होतं. मला शब्दन् शब्द कळला होता.