कुलपाची दुसरी चावी

मी, खाली सही करणारा, तबकडीवर चढून पत्रे कसणारा कामगार, शाळा सातवीत सोडलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. उलट मी काही लिहितो आहे हे मुकादमाला कळूच दिलेले नाही.

कारण असे. आमची तबकडी, म्हणजे भलामोठा अँटेना, आकाशात लांब गेलेल्या यानाचा आवाज ऐकते. संशोधनवाल्या मॅडम म्हणतात, तो आवाज इतका क्षीण की एखादा पत्रा केसभर वर-खाली असला तरी विरून जातो. म्हणून आम्ही तबकडीत उतरून पत्रे कसतो. उतरण्याआधी प्रत्येकाने खाली तबकडी फिरवणाऱ्या मोटरचा खटका बंद करून त्याला आपले कुलूप लावायचे आणि चावी गळ्यात घालायची. मग वर माणूस असेपर्यंत तबकडी फिरू शकत नाही.

मागच्या आठवड्यात माझे कुलूप लागलेले असताना ती फिरली. कमरेच्या पट्ट्याला लोंबकळलो म्हणून वाचलो. मुकादम म्हणाला, "वाऱ्याने हलली रे, घाबरट!" खाली दोरीवर माझे बनियन वाळत होते, तेसुद्धा हलले नव्हते. यान मावळायच्या आत तबकडी तयार झाली की मुकादमाला शाबासकी मिळते. आणि आम्हा सगळ्यांची कुलपे त्यानेच दिलेली, एकेका चावीसकट. बाजारात कुलपाला चाव्या दोन येतात.

उद्या परत चढायचे आहे. तरी:

१) घरातला माझा हिस्सा धाकट्या बहिणीला. दादाला नाही. परवा फोनवर "जेवलास का" राहिले बाजूला, पहिला प्रश्न, "कंपनीने तुझा विमा काढलाय ना?" मी म्हटले, "दादा, एवढी कसली घाई?" तर हसला. ते हसणे मला पटलेले नाही.

२) बँकेतले पैसे आईला. तिने ते दादाला देऊ नयेत. देणारच, पण निदान मागितल्या मागितल्या देऊ नयेत.

३) मुकादमाला ते बनियन. दोरीवर टाकून वारा बघत बसावे.

४) मी स्वतः नवे कुलूप आणले आहे. एक चावी माझ्या गळ्यात. दुसरीचे काय करावे समजेना. खोलीत ठेवावी तर खोलीची किल्ली मुकादमाकडे. घरी पाठवावी तर दादा. जोडीदारावरही संशय होता, त्याच्या गादीखाली कानस सापडली. विचारले तर म्हणाला, "अरे येड्या, नखं घासतो मी! माझ्या नखांनी कुलूप उघडतं का?" पण वर माझ्याच शेजारी तोही लटकलेला असतो. तबकडी फिरली तर तोही पडणार. म्हणून दुसरी चावी त्याच्या गळ्यात.

५) माझे काही बरेवाईट झाले तर बहिणीने इथे यावे, रडत बसू नये. आधी आमच्या दोघांच्या गळ्यातल्या चाव्या मोजाव्यात. मग मुकादमाला एवढेच म्हणावे, "कुलूप दाखवा." कापलेले दाखवतील, नाहीतर हरवले म्हणतील. वारा कुलूप कापत नाही.

हा कागद बहिणीच्याच हातात द्यायचा आहे, तोवर स्वयंपाक्याकडे राहील.

ठिकाण: कामगारांची खोली, तबकडीच्या कुंपणालगत
दिनांक: चढण्याच्या आदल्या दिवशी, रविवार दुपार
सही: (माझी. इंग्रजीतली नाही, ती दादाला येते.)

साक्षीदार
१) खानावळीचा स्वयंपाकी. समोर सही केली. मजकूर वाचू दिलेला नाही.
२) तबकडीवरचा जोडीदार. याला वाचू दिला. वाचून त्यानेही नवे कुलूप आणले आणि त्याची दुसरी चावी माझ्या गळ्यात घातली.