लॅबमधली निळी वही

बाबा, आज दुपारी ऑफिसात एका बाईने मला विचारलं, "हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं. इंग्रजीत, पण शब्दाला शब्द तुमचं: बोलणारा आपोआप दमतो. तिने ते लिहून घेतलं. मला आधी माझा राग आला, मग तुमचा. घरी येऊन कोटसुद्धा न काढता लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली असली, तरी हे तुम्हाला ऐकून घ्यावंच लागेल.

इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीजवळच्या एका रंगाच्या कंपनीत, लॅबमध्ये, मी अकरा वर्षं काम करते आहे. गावावरून पडलेलं आपलं -कर आडनाव आणि माझा रंग बघून सगळ्यांनी मला हिंदू ठरवून टाकलं. गाईबद्दल विचारतात. आपण बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यामुळे माझ्यासमोर लोक मोकळेपणी बोलतात. सगळ्यात मोकळा माझा साहेब. माझ्या शेजारच्या बेंचवर एक म्हातारा केमिस्ट आहे, ज्यू, ब्रुकलिनचा. काडीवरून रंग कसा ओघळतो ते बघून तो जमला की नाही हे ओळखायला त्यानेच मला शिकवलं. शब्बाथ, म्हणजे आपला शनिवारचा विसावा, शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो, म्हणून हिवाळ्यात तो शुक्रवारी लवकर घरी जातो आणि रविवारी येऊन ते तास भरून काढतो. त्याची पाठ वळली की साहेब माझ्या बेंचला टेकून सुरू होतो. याच्याशी हात मिळवलास तर नंतर बोटं मोजून घे, म्हणतो. शुक्रवारी यांचा देव यांना बोलावतो, पगाराच्या दिवशी मात्र कधी बोलावत नाही, म्हणतो. मी मान खाली घालून काडीने रंग ढवळत राहते.

कारण मला शाळेतला तो दिवस आठवतो. वर्गातल्या मुलीने मला 'शनिवार तेल्याची पोर' म्हटलं, कारण आपले पूर्वज घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. मी तिची पाटी विहिरीत टाकली. तुम्ही त्याच शाळेचे हेडमास्तर. तुम्ही ओरडला नाहीत. आई स्वयंपाकघरात मलिद्याचे पोहे भिजवत होती, एलियाहू पैगंबराच्या नावाने. खोबरं, वेलची, खजूर घातलेलं ते ताट तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि मला त्या मुलीच्या घरी पाठवलंत. तिच्या आईने मला जेवायला बसवलं. संध्याकाळी आम्ही दोघी लगोरी खेळत होतो. "पाहिलंस? बोलणारा आपोआप दमतो," तुम्ही म्हणालात. पाहिलं ना. तिथेच तर घोळ झाला. आपल्याला कोकणात शतकानुशतकं कुणी त्रास दिला नाही, ते आपलं नशीब होतं. तुम्ही ते मला शहाणपण म्हणून शिकवलंत. मास्तर होतात, फरक सांगायला हवा होता.

दोन वर्षांपूर्वी, आपल्या नव्या वर्षाच्या सणाला, मी साहेबासाठी मलिदा नेला. हसू नका, खरंच नेला. त्याने दोनदा मागून घेतला आणि म्हणाला, तुम्ही लोक बघा कसं वाटून खाता, नाहीतर ते. मी लॅबच्या सिंकमध्ये डबा धुतला आणि त्याच दिवशी एक निळी वही उघडली. आधीचं आठवेल तेवढं लिहिलं, पुढचं रोजच्या रोज. तारीख, वेळ, शब्द. जशी रंगाच्या प्रत्येक घाण्याची, म्हणजे बॅचची, नोंद करतो तशी. पण दाखवली कुणालाच नाही.

या वसंतात म्हाताऱ्याला निवृत्ती घ्यायला सांगितलं. टीममध्ये मिसळत नाही म्हणे. त्याने तक्रार केली, कंपनीने पुरावा मागितला. मी मदत मागायला सिनेगॉगमध्ये गेले, आपल्या प्रार्थनाघरात, ज्याला तुम्ही मशीद म्हणायचात. तिथल्या एका बाईने आधी गोड आवाजात विचारलं की मी धर्म कधी बदलला. मी म्हटलं, आमच्या घरात शेमाची प्रार्थना म्हणत होते तेव्हा न्यू जर्सी नावाचं काही नव्हतं. मग कमिटीची सभा. अध्यक्षांचं म्हणणं, गाजावाजा नको, त्याला गुपचूप दुसरी नोकरी बघून देऊ. दुसऱ्या एकाला लगेच वर्तमानपत्रात फोन करायचा होता. तासभर दोघे भांडले, आणि म्हाताऱ्याला काय हवंय हे एकानेही विचारलं नव्हतं. शेवटी मी उठून सांगितलं की तो बेंचवर मला म्हणालाय, त्याला दुसरी नोकरी नको, बातमी नको. ज्याने ऐकलं त्याने ते बोलून दाखवावं, एवढंच त्याला हवंय.

"कुणी ऐकलंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

दुसऱ्या दिवशी बेंचवर मी म्हाताऱ्याला सांगितलं, मी ज्यू आहे आणि मी सगळं ऐकलंय. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने हातातली काडी पुसली, जागेवर ठेवली आणि विचारलं, "अकरा वर्षं?"

आज मी कंपनीच्या पर्सोनेल खात्यात, त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईकडे गेले तेव्हा तेच भित्रे अध्यक्ष बरोबर आले होते. त्यांना आत येऊ दिलं नाही, म्हणून अडीच तास बाहेर खुर्चीवर हॅट मांडीवर घेऊन बसून राहिले. बाबा, असं एक माणूस बाहेर बसलेलं असलं की बोलता येतं. मला ताटापेक्षा हे शिकवायला हवं होतं. म्हाताऱ्याची नोकरी राहील की नाही, माहीत नाही. माझीही.

हे पत्र कुठे टाकणार? ठेवून देते. नोंद मात्र तुमच्याच पद्धतीने करते, शाळेच्या आवक-जावक वहीसारखी. आज दिलं: निळी वही एक, लिहिलेली पानं बहात्तर, सही केलेलं निवेदन, पानं तीन. पोच घेतली. वहीतलं एकही पान काढलं नाही. पहिल्या पानावर साहेबाच्या एका विनोदाखाली माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, "मीही हसले." तेही दिलं.