टॅलाडोरची लाल रेघ

प्रिय नेत्रा,

अक्षर मोठं काढलंय ते तुझं मराठी कच्चं आहे म्हणून नाही, माझा चष्मा बदलायचा राहिलाय म्हणून. सावकाश वाच. अडलीस तर मला फोन कर, पण हे पत्र तुझ्या बाबाला दाखवू नकोस.

इकडे आमच्या घरी सध्या लग्नघाई असल्यासारखं चाललंय. पुढच्या महिन्यात डेट्रॉइटला टॅलाडोर गाडीला पन्नास वर्षं झाल्याचा सोहळा आहे आणि ती गाडी घडवणारा डिझायनर म्हणून आजोबांना स्टेजवर बोलायचंय. पण मार्चमध्ये मेंदूचा झटका आल्यापासून त्यांचं इंग्रजी जे गेलं, ते अजून परतलेलं नाही. मराठी शाबूत, इंग्रजी साफ. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. स्पीच थेरपीला येणाऱ्या मुलीशीही ते मराठीतच बोलतात, आणि तिला नाही कळलं की तेच वाक्य मोठ्यानं म्हणतात. परवा ती बिचारी जाताना मला 'येते हं काकू' म्हणाली. कोण कोणाला शिकवतंय देव जाणे. तर सोहळ्यात आजोबा मराठीत बोलणार आणि तुझा बाबा त्याचं इंग्रजी करणार, असं ठरलंय. 'आई, डोन्ट वरी, मी मॅनेज करतो,' म्हणतो. सिद्धेश असं म्हणाला की मला धडकीच भरते.

तुला आजोबा म्हणजे टॅलाडोर एवढंच माहीत. पण कंपनीत लागल्यावर पहिली सात वर्षं त्यांनी ॲशट्रे काढले. ज्या माणसानं जन्मात सिगारेट ओढली नाही, तो जेवतानासुद्धा राख कुठे पडेल याचा विचार करायचा. मग दारांची हँडलं, मग चाकांवरच्या चकत्या. मी नागपूरला आईला लिहायची, तुझे जावई मोटारी बनवतात. कुठला भाग, ते लिहायची नाही. शेवटी एकदाची अख्खी गाडी पदरात पडली, तीच टॅलाडोर. तेव्हा गाडी आधी मातीची करायचे, खऱ्या मापाची. तपकिरी माती भट्टीत गरम करून थापायची आणि पात्यांनी तासायची. तासायला वेगळी माणसं होती, पण शेवटचा हात आजोबा स्वतः फिरवायचे. अगं, दुसऱ्यानं केलेली पोळीसुद्धा ते आधी उलटून बघतात.

त्या वर्षी खंडेनवमीला मी त्यांना सगळी पाती घरी आणायला लावली. नवमीला हत्यारांची पूजा करायची आणि त्या दिवशी ती वापरायची नाहीत, ही आमच्या घरची रीत. मी तेलात कुंकू कालवून प्रत्येक पात्याला चांगलं ठसठशीत बोट ओढलं. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब गाडी बघायला येणार होते आणि नेमका आजोबांना उठायला उशीर झाला. पाती न पुसताच पिशवीत कोंबून पळाले. तिथे पोचल्यावर पहिलाच हात दिला, पुढच्या चाकापासून थेट शेपटापर्यंत, काचांच्या खालून. एक लांबलचक लाल रेघ! गरम माती, त्यात तेल. पुसायला गेले तर आणखीच मुरली. तेवढ्यात साहेब हजर, मागे सुटाबुटातली पलटण. साहेबांनी रेघ जवळून पाहिली, लांबून पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. आजोबांच्या तोंडून निघून गेलं, 'सनसेट, सर.' साहेब म्हणाले, 'डोन्ट टच इट.'

पुढे रंग करणाऱ्यांना तो लाल काही जुळेना. शेवटी आजोबा माझ्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू पाकिटात घालून घेऊन गेले आणि मोठमोठ्या रसायनतज्ज्ञांनी ते भिंगाखाली धरलं. त्या रेघेवर गाडी खपली. लोकांनी ती दंडावर गोंदवून घेतली! मुलाखतीत विचारायचे, कुठला सूर्यास्त? आजोबा म्हणायचे, ॲरिझोनाचा. ॲरिझोना कोणी पाहिलं होतं? उघडं पडायला नको म्हणून आम्ही नंतर मुद्दाम जाऊन आलो, तर आठवडाभर ढग. त्यानंतर आजोबांनी पुष्कळ गाड्या केल्या, याहून चांगल्या केल्या, पण लोक विचारायचे ते त्या रेघेबद्दलच. त्याचं त्यांना वाईट वाटायचं.

मी मात्र पार्ट्यांमध्ये बटाटेवडे तळता तळता तो सूर्यास्त ऐकत राहिले. एकदा महाराष्ट्र मंडळात माझ्या मैत्रिणीला, प्रतिमाला, खरं सांगून पाहिलं. ती हसून हसून लाल झाली आणि तोच किस्सा विनोद म्हणून चार जणींना सांगत सुटली. मग मी नाद सोडला.

गेल्या रविवारी आजोबा गॅरेजमध्ये सिद्धेशसमोर भाषणाची तालीम करत होते. मी धुतलेले कपडे घेऊन दाराआड उभी होते. आजोबा थांबत थांबत म्हणाले, 'ती रेघ सूर्यास्ताची नाही. माझ्या बायकोच्या कुंकवाची आहे. तिचं नाव पद्मिनी. इंग्रजीत मला हे कधी सांगता आलं नाही.' मी तिथेच टॉवेलात तोंड खुपसून रडले. आणि तुझ्या बाबानं लगेच इंग्रजी करून दाखवलं, 'द डिझाइन वॉज अ फॅमिली एफर्ट, इन्स्पायर्ड बाय अवर कल्चर.' मी आत गेले तर वर मला म्हणतो, कंपनीला सनसेट हवाय, मी जरा स्मूद करून घेतो. मुलगा गुणाचा आहे गं, पण शब्दांना इस्त्री करता करता जाळतो. म्हणून त्या दिवशी फोनवर तुला म्हटलं, तू कर भाषांतर. तर तू म्हणालीस, 'आजी, माय मराठी इज सो बॅड, बाबा करेल ना.' असू दे बॅड. फ्रीमाँटहून तिकीट काढ आणि डेट्रॉइटला ये. बाबाला मी बघून घेईन. माझं कौतुक कशाला, असं मी पन्नास वर्षं सगळ्यांना सांगत आले, ते साफ खोटं होतं. मला कौतुक हवंय, भरल्या हॉलमध्ये, माईकवरून, तिथल्या प्रत्येकाला कळेल अशा भाषेत. बाकीचं भाषण तू कितीही चुकलीस तरी चालेल. पण ते वाक्य आलं की 'फॅमिली' म्हणू नकोस. 'वाइफ' म्हण, आणि माझं नाव घे.

तुझीच,
पद्मिनी आजी