बाईंचा प्रामाणिक माणूस

तीर्थस्वरूप दादांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचा खोकला आणि परवापासून तुमच्याकडे येऊन राहिलेली तुमची बहीण, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इथे मी आहे आणि न्हाणीघरातला गळका पाइप आहे. दोघांचंही जेमतेमच.

तिने काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे, आता माझीही बाजू ऐका. मुलीने हौसेने आम्हाला या बड्या वस्तीत आणून ठेवलं खरं, पण इथला प्लंबर पाइपाआधी फाटक बघतो. जुन्या घरी तीनशेत होणाऱ्या कामाचे इथे दोन हजार. (पहिल्याने तर फोनवर पत्ता ऐकूनच आकडा सांगितला, काय गळतंय हेही विचारलं नाही.) खालच्यांच्या छताला ओल आलेली, त्यामुळे थांबायचीही सोय नाही. शेवटी मी शक्कल लढवली. भोकाचं बनियन घातलं, खांद्यावर फडकं टाकलं आणि दुसऱ्या प्लंबरला सांगितलं, मी इथला गडी, मालक गावाला गेलेत, जरा कमी करा, नाहीतर माझ्या पगारातून कापतील.

त्याला खरंच माझी दया आली हो. मला शेजारी बसवलं, मालक लोक सगळे सारखेच म्हणाला, दोन हजारांचे तीन हजार केले आणि त्यातले पाचशे आधीच माझ्या मुठीत कोंबले. उभ्या नोकरीत मला कुणी वरकमाई दिली नव्हती. मी भारावलो आणि मूठ मिटली. नेमकी तेवढ्यात तुमची बहीण भाजी घेऊन आली.

"बाई, माणूस प्रामाणिक आहे तुमचा, सांभाळा," तो म्हणाला.

तिने माझं बनियन न्याहाळलं. "कामाचा नाही, पण जुना आहे म्हणून ठेवलाय."

साठवणीतले तीन हजार तिने निमूट मोजले. तो सामान आणायला गेल्यावर मात्र माझी मूठ उघडून बघितली आणि बॅग भरली.

आपला दमलेला मेहुणा

ता. क. प्लंबर सामान घेऊन दोनदा येऊन गेला. बाई घरात नसताना नोकराच्या भरवशावर कामाला हात लावणार नाही म्हणतो. मीच मालक आहे म्हटलं, तर असलं पुन्हा बोलू नकोस, नोकरी जाईल, असं समजावून गेला. तेव्हा तिला लवकर पाठवा.

ता. क. पाचशे तिच्या उशाखाली ठेवलेत. घर खायला उठतं हो, दादा. तिला सांगा, पगारवाढ नको, कामावर तेवढं ठेवून घे.