गाव पडणार नाही, प्रकाशराव

अल बर्शा, दुबई
अनंत चतुर्दशीचा आदला दिवस

तीर्थस्वरूप प्रकाशराव यांच्या चरणी, त्यांच्या एकुलत्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, रक्तदाब आणि राग या तिघांची सारख्याच आदराने चौकशी करतो. पहिले दोन औषधाने आटोक्यात आहेत असं वहिनींकडून कळलं. तिसऱ्यासाठी हे पत्र. तुम्ही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलात ('प्रकाश लेफ्ट' एवढ्याच दोन शब्दांत संन्यास घेणारे तुमच्या घराण्यातले तुम्ही पहिलेच), आमचे फोन उचलत नाही, म्हणून ही हातची चिठ्ठी. आणणारा पर्सी हा आमचा शेजारी, मूळचा वसईचा, आज मावशीकडे पुण्याला निघालाय. तो हे वाटेत उघडून वाचणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा त्यालाही कळेल असंच लिहितो.

आधी मुद्द्याचं. तुमच्या आराखड्याप्रमाणे उद्या, विसर्जनाच्या आरतीआधी, गाव पडायचं आहे. ते पडणार नाही. एवढंच लिहून थांबलो असतो. पण विभावरीने बजावलंय की दादाशी उद्धटपणा करायचाच तर नीट सविस्तर करा.

(पर्सीसाठी: इथल्या मराठी मंडळाची घरगुती गणपतींच्या देखाव्यांची स्पर्धा असते. गेल्या वर्षी आम्ही 'पाणी वाचवा' केलं आणि परीक्षकांसमोरच आमचा धबधबा सोफ्यावर वाहिला. यंदा इभ्रत राखायला प्रकाशराव धावून आले. त्यांनी तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली, आणि निवृत्त झाल्यापासून ते युक्रेनवरची चढाई पुण्यातून, सकाळच्या चहाबरोबर चालवतात. विषय त्यांनीच दिला: 'आधुनिक आक्रमण: सैन्य, शस्त्रे आणि हानी'. मूर्ती मागे, पुढे टीपॉयवर रणभूमी.) माझं युद्धशास्त्र क्रौंचव्यूह, मकरव्यूह, गरुडव्यूह इथे संपतं. संस्कृत घेऊन एम.ए. झालेला मनुष्य पोटासाठी कंटेनरांची कागदपत्रं बघतो, त्याला तोफखाना काय कळणार? म्हणून मी निमूटपणे तुमचा शिपाई झालो.

आक्रमकांचं बळ बचावाच्या तिप्पट हवं, असा तुमचा हुकूम. आम्ही आक्रमक म्हणून खारका घेतल्या आणि बचावाला बदाम. (या देशात खारकांची रसद तुटणं अशक्य, हे तुमच्या सेनापतींच्या चांगलंच पथ्यावर पडलं.) आमच्या ओवीने ज्यूसच्या खोक्यांचे रणगाडे केले, स्ट्रॉच्या तोफा लावल्या. खरा ड्रोन उडवू द्यायला इथलं सरकार परवाना मागतं, म्हणून मसाल्याच्या डब्यातली चक्रीफुलं दोऱ्यांना बांधून एसीच्या खाली टांगली. विभावरीने एसी जरा वाढवला की हवाई हल्ला सुरू. त्यातलं एक चक्रीफूल परवा थेट पंचामृतात कोसळलं, आणि ते तुम्ही 'अचूक मारा' म्हणून नोंदवलंत. खरी पंचाईत हानीच्या तक्त्याची झाली. तुमच्या तक्त्यात मृत, जखमी, बंदी, बेपत्ता असे रकाने होते. 'भक्षित' असा नव्हता. दर्शनाला येणारा प्रत्येकजण प्रसाद समजून एकेक खारीक उचलायचा. संध्याकाळी तुमचा व्हिडिओ कॉल: "डाव्या बगलेवरची अख्खी तुकडी कुठे गेली?" विभावरी म्हणाली, "पर्सीने खाल्ली." तुम्ही म्हणालात, "मग नव्या ठेव आणि ताजी कुमक म्हणून दाखव." सैनिकांबद्दल इतकं निर्विकार बोलणं खऱ्या सेनापतीलाच साधतं.

मग तुम्हाला धूर हवा झाला. रणांगण धुराशिवाय वाटत नाही, कबूल. म्हणून मी आरतीआधी देखाव्यातल्या डोंगराच्या मागे वाटीत धूप आणि कापूर पेटवला. धूम्रपटल असं काही सुंदर पसरलं की छतावरच्या यंत्रालाही ते खरं वाटलं, आणि सगळ्या बिल्डिंगचा भोंगा वाजू लागला. सगळी माणसं जिन्याने खाली, भट्टीसारख्या हवेत फुटपाथवर. वॉचमन जहूरभाई धावत आला. "साब, आप के यहाँ क्या जल रहा है?" मी खरं ते सांगितलं, "जंग." तो म्हणाला, "फिर से?" (त्याला घरगुती वाटली.)

इथवर हसण्यासारखंच होतं, प्रकाशराव. मग जहूरभाई म्हणाला की समोरच्या फ्लॅटमधल्या मॅडम दिसत नाहीत. बाकीची मंडळी मोबाईल आणि कॉफीचे मग घेऊन रस्त्यावर आली होती; ही बाई तळघरातल्या पार्किंगमध्ये सापडली, जाड खांबाच्या मागे, भिंतीला पाठ लावून, गळ्यात पासपोर्टची पिशवी आणि मांडीवर मांजर. भोंगा वाजला की माणसं बाहेर, मोकळ्यावर धावतात, ती खाली धावली होती. विभावरी तिच्याशेजारी जाऊन जमिनीवर बसली, पैठणीसकट. तिचं नाव हालिना. इथे दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. तुम्ही सकाळच्या चहाबरोबर जो देश बघता, तिथली.

आमच्या धुराने तिची ही अवस्था केली, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला मोदकाला बोलावलं. देखावा झाकायचं मला सुचलं नाही. उलट मी तो समजावून सांगितला. हे सैन्य, ही शस्त्रं, आणि हे साखरेच्या तुकड्यांचं गाव उद्या-परवा पडणार. तिने विचारलं, हे गाव कुठलं? मी म्हटलं, "कुठलंही. प्रातिनिधिक." (हा शब्द इंग्रजीत म्हणताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.) तिने वाकून एकेक घर पाहिलं. मग म्हणाली, "यात माणसं कुठे आहेत?"

तुमचा आराखडा मी पुन्हा वाचला. सैन्य आहे, शस्त्रं आहेत, हानी आहे. गावात राहणारं कुणी नाही.

तिची आई अशाच एका गावात आहे, आघाडीपासून फार लांब नाही. एकटी, सोबतीला एक शेळी. हालिना रोज फोन करते, "आई, निघ." आई आधी म्हणाली, बटाटे काढते आणि निघते. बटाटे काढून झाल्यावर म्हणाली, आता एवढे बटाटे टाकून कुठे जाऊ? गेल्या महिन्यात गाडी दारात आली, तर तिने ड्रायव्हरला जेवायला वाढलं आणि रिकामा परत पाठवला. (तुम्ही तिच्या जागी असता तर हेच केलं असतंत. गुडघ्याच्या ऑपरेशनची रुग्णवाहिका तुम्ही दोनदा परत पाठवलीत.) ओवीने हे ऐकलं, विभावरीच्या शिवणाच्या डब्यातून खणाचा तुकडा काढला, डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी केली, आणि गावातल्या शेवटच्या घरासमोर बसवली. मग म्हणाली, "बाबा, नोबडी टचेस आजी."

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण पर्सीला नाही. संध्याकाळच्या आरतीला तुम्ही व्हिडिओवर होतात. "ही बाहुली कोण? नागरिक आराखड्यात नाहीत. काढा ती." ओवी म्हणाली, "देन मामा कॅन फ्लाय डाउन अँड मूव्ह हर हिमसेल्फ." विभावरीने आरतीचं तबक खाली ठेवलं आणि म्हणाली, "दादा, तुझे रणगाडे हवे तर परत घे. म्हातारी उठणार नाही." तुम्ही वस्तुस्थितीशी प्रतारणा वगैरे म्हणालात आणि शेवटी माझ्याकडे वळलात: "निनादराव, तुम्ही तरी शहाणे आहात."

प्रकाशराव, लग्नाला बावीस वर्षं झाली. तुम्हा भावाबहिणीच्या भांडणांत मी कायम अलिप्त राष्ट्र होतो. त्या क्षणी मात्र मी हात पुढे केला, म्हातारीच्या दाराशी सर्वांत जवळ पोचलेली खारीक उचलली, आणि तुमच्या डोळ्यांदेखत खाल्ली. बीसुद्धा परत दिली नाही. हे मी शुद्धीवर असताना, दोन साक्षीदारांसमोर केलं आहे. उद्या परीक्षक येतील आणि विचारतील, निकाल काय? मी सांगेन, म्हातारी बसलीय. 'हानी'चा तक्ता काढून टाकला आहे. मग ते नंबर देवोत, न देवोत. गेल्या वर्षीचा सोफा अजून वाळतोय, त्याहून वाईट काय होणार?

वहिनींना नमस्कार. लोभ असेल तर वाढवा, राग असेल तर तोही बेताने पाळा, पण गाव मागू नका.

तुमच्या आज्ञेबाहेरचा,
निनाद

ता. क. हालिनाच्या आईने व्हिडिओवर देखावा पाहिला. घराचं दार निळं हवं आणि शेळी कुठेय, अशा दोन चुका काढल्या. मग विचारलं, मागचे ते हत्तीच्या तोंडाचे गृहस्थ कुणाच्या बाजूने? मी म्हटलं, ज्याच्या घरी बसवतात त्याच्या. ती म्हणाली, मग त्यांना उघड्यावर का बसवलंय? आत घ्या.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. मागच्या आठवड्यात हालिनाच्या आईच्या शेजारच्या अंगणात तोफगोळा पडला आणि तिच्या तळघराच्या छताला भेग गेली. ती गाव सोडत नाही हे ठरलेलंच आहे; तेव्हा ते छत टिकवणं एवढंच उरतं. वर माती किती टाकायची, लाकडं उभी लावायची की आडवी, दार कुठल्या बाजूला हवं, हे हालिनाने मला विचारलं, कारण मीच एकदा फुशारकी मारली होती की आमचे मेहुणे तीस वर्षं गोळ्यांशी संसार करून आलेत. मी तिला व्यूह सांगू शकतो, छत नाही. तुम्ही सांगू शकता. गोळा काय करतो हे आमच्यात फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

छताची मापं आणि हालिनाचा नंबर विभावरीने मागच्या बाजूला लिहिलाय. माझ्याशी बोलू नका, तिच्याशी बोला. गाव कधी पडेल हे सोडून बाकी सगळं स्पष्ट सांगा; ते तिने विचारलेलं नाही. आणि आजच. पर्सीला सांगून ठेवलंय की प्रकाशराव नंबर लावेपर्यंत त्यांच्या सोफ्यावरून उठायचं नाही. तो भरपूर खातो, वहिनींना कल्पना द्या.