बंदरातला तिसरा ढीग

३ एप्रिल १९५९, अकोला
आज नोकरीवर लागलो! मायनं बुद्धाच्या फोटोपुढे पेढा ठेवला. जागा म्हणजे रेल्वेलाइनीजवळची कोळशाची वखार. लोक तिले 'बंदर' म्हणतात. समुद्र साडेतीनशे मैल दूर, अन् अकोल्यात बंदर! मुकादम खुशालराव सांगत होते का आज्याच्या काळात विलायती कोळसा जहाजानं मुंबई बंदरात उतरे, तिथून रेल्वेनं इकडे ये. तेच नाव चिकटलं. माझं काम सोपं. ढिगांवर रोज चुन्याचं पाणी मारायचं. पांढरं फुटलं का समजायचं, कोळसा चोरीले गेला.

५ एप्रिल
तिसरा ढीग राखीव, त्याले हात लावायचा नाही. तिथं सुंदराबाई नावाची म्हातारी रोज बसते, फडक्यात भाकर बांधून. तिची लेक मैना इथंच टोपली वाहे. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी कामावर आली, घरी गेलीच नाही. खुशालराव म्हणतात, कोणासंग पळाली. म्हातारी म्हणते, चप्पल इथंच टाकून कोणी पळते काय? मले लय वाईट वाटलं.

८ एप्रिल
तिसऱ्या ढिगाचा चुना फुटला. पंजा मावेल एवढाच. पुन्हा मारून टाकला. चोरी निघाली तर नोकरी जाईन.

९ एप्रिल
तिथंच फुटला. पुन्हा मारला.

११ एप्रिल
आज नीट पाह्यलं. एक गोटा कमी नाही. चुन्याच्या खपल्या बाहेर पडल्या आहेत. चोर बाहेरून उकरते. हे तर आतून—
खुशालरावले सांगितलं. त्याले घाम फुटला. मैना हरवली त्या दिवशी ढीग घसरला होता म्हणे. त्यानं हजेरी घेतली नाही. ढीग सारखा केला अन् चुना मारला. मले म्हणे, तूही मार अन् गप राय.

१२ एप्रिल
अरे बापा. दोन वेळा मीच तिले बुजवलं. मीच—

१३ एप्रिल, भर दुपार
सुंदराबाईले सांगितलं. रडली नाही. पदर खोचला, हातानंच कोळसा ओढू लागली. मीही. खड्ड्यात गेली नोकरी.
कडं सापडलं. म्हातारीनं ओळखलं. कड्यात हाड—
आतून हाक आली. माय. दोघांनीही ऐकली.
म्हातारी भाकर घेऊन आत शिरून राहिली— वरचा कोळसा हलते— मागं हो म्हणतो, ऐकत नाही— म्हणते पोरगी उपाशी हाय—
जातो तिले ओढाले. वही इथं ठेवतो. कोणाले सापडली तर चुना मारू नका, आधी आमाले—