वाफ्यावरची वीट

३ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. थंडीने आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. वहिनीचा खोकला थांबला का?

तुझं जुनं मेटल डिटेक्टर, जाताना "भंगारात घाल" म्हणून मागच्या खोलीत टाकून गेलास ते, मी दुरुस्त केलं. हसू नकोस. दिवसभर पंपाच्या मोटारींच्या कॉइल गुंडाळून पोट भरते मी. तुझी ती गोल तबकडी म्हणजेही शेवटी तांब्याच्या तारेचं वेटोळंच.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडायला घेतली. तबकडीची चीर तू बुजवली होतीस. तो राखाडी रंग बघूनच मी ओळखलं. गाड्यांचे पोचे भरायची तुमच्या गॅरेजातली लांबी ना ती? तिच्यात धातूची भुकटी असते, दादा. धातू शोधणाऱ्या यंत्राच्या डोळ्यातच धातू भरलास, मग ते सारखं बोंबलणारच. तर तू बटण पिळून त्याची ताकद कमी करत नेलीस, ते गप्प होईपर्यंत. बटण अजून तळालाच होतं.

आईची अंगठी हरवली तेव्हा याच मुक्या यंत्राने तू परसातला तिचा भाजीचा वाफा पिंजून काढलास. आणि छातीठोकपणे म्हणालास, "मातीत असती तर वाजलंच असतं. घरातच कुणाचा तरी हात लागलाय." नाव घेतलं नाहीस. घरात बाहेरून आलेला माणूस एकच, माझा नवरा. नाव कशाला घ्यायला हवं?

तेव्हापासून आई कपाटाची किल्ली कमरेला लावून झोपते. हे पाणी प्यायला आत आले की तिची नजर यांच्या हातावर. हे आता मागच्या दाराने ये-जा करतात, ताट घेऊन पायरीवर जेवतात. मी एकदा भांडले तर म्हणाली, "तुझा दादा कशाला खोटं बोलेल?" यंत्र तुझं, शब्दही तुझा.

असो. लांबी खरवडून काढली. आत केबलचं सोल्डर सुटलं होतं ते पुन्हा लावलं, चीर साध्या रेझिनने भरली. वाळल्यावर माझी कानातली सोन्याची कुडी मातीत पुरून बघितली, तर खणखणीत वाजलं. मग वाफ्यावरून फिरवलं. वाफा कसला, नुसतं गवत माजलंय. नळाच्या कडेला, आई हात धुवायला बसायची तिथेच, अगदी कुडीसारखा आवाज आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तोच.

मी खणलेलं नाही. मी काढली तर म्हणशील, नवऱ्याला वाचवायला हिनेच आणून पुरली. गवताचं पातंही उपटलेलं नाही, खुणेला फक्त वर एक वीट ठेवलीय. तू ये, आईला खुर्ची टाकून बसव आणि स्वतःच्या हाताने खण. बाटलीचं झाकण निघालं तर तिथेच तुझे पाय धरीन.

यांना सांगितलं तर म्हणाले, "राहू दे. सापडली म्हणून काय या घरात घास गोड लागणार आहे?" आम्ही भाड्याची खोली बघितलीय, महिनाअखेरीला जातोय. त्याआधी ये. आईला मी काही बोललेली नाही. ज्या तोंडाने "मातीत नाही" म्हणालास, त्याच तोंडाने तिला सांग.

वाट बघतेय असं लिहिणार नाही. वीट तिथेच आहे.

तू ज्याला चोर न म्हणता चोर केलंस,
त्याची बायको
(आणि अजून तरी तुझी धाकटी बहीण)